सकाळी टेबल वारलू पुसतो

कंस नसता तर काहीच झालं नसतं. बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या प्रवेशअर्जांची पडताळणी प्राचार्यांनी दरवर्षीप्रमाणे अल्ताफकडे दिली होती, कारण तो कुरकुर करत नाही अशी त्याची ख्याती होती. कुरकुर तो मनात करायचा, आणि मनातली कुरकुर गोपनीय अहवालात येत नाही. जुलै महिना, चंद्रपूरचा उकाडा, डोक्यावर आवाजापुरता फिरणारा पंखा, आणि खिडकीच्या चौकटीवर नेहमीची कोळशाची काळी साय. सकाळी पुसली की दुपारी पुन्हा हजर. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात त्या दिवशी शेती, शेती, मजुरी, खाणकामगार, शेती, शिक्षक, शेती असं चाललं होतं आणि अल्ताफचं पेन सवयीनं टिक मारत चाललं होतं. एका अर्जावर ते थांबलं. शेती, आणि पुढे कंसात: पूर्वी प्रयोगशाळा परिचर. आपण पूर्वी काय होतो ते अर्जावर कोणी लिहीत नाही. माजी आमदार लिहितात, पण त्यांची मुलं बी.एस्सी.ला येत नाहीत. अल्ताफनं वरचं नाव वाचलं. पुनम वारलू म्हशाखेत्री, तालुका धानोरा. मग त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. समोर बसलेल्या हेमराज क्लार्कनं विचारलं, "सर, डोमिसाईल नाई का?" अल्ताफ म्हणाला, "आहे. सगळं आहे."

सगळं होतंच. आठ वर्षं ते कुठे गेलं नव्हतं, एवढंच की त्यावर दुसरं काहीबाही साचलं होतं. नागपूरच्या त्या संस्थेतली दुसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा, तिथला व्हॅक्यूम ओव्हन, त्याच्या शेजारी बैलासारखा धापा टाकणारा पंप, आणि पंपाच्या काचेतून तेलाची पातळी वाकून पाहणारा वारलू. वारलू रोजंदारीवर होता. अकरा वर्षं रोजंदारीवर होता, म्हणजे सरकारी भाषेत तो रोज सकाळी नव्यानं जन्माला येत असे. अल्ताफ तिथे पीएच.डी. करत होता आणि त्याचा विषय ऐकून लोक गप्प बसत. घरच्यांना तो 'प्लास्टिकवर संशोधन' एवढंच सांगायचा. मोहल्ल्यात त्याचा अर्थ बादल्या असा झाला होता. खरं काय ते त्यानं आयुष्यात एकाच माणसाला नीट समजावून सांगितलं, आणि तेही पंपाचं तेल बदलून होईस्तोवर वेळ होता म्हणून. तो म्हणाला होता, "वारलूभाऊ, हे दोन धागे आहेत समजा. एक थर्माकोलच्या घराण्यातला, दुसरा ॲक्रिलिकच्या. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. सोडून दिलं तर तेल-पाण्यासारखे वेगळे होतील. पण आपण काय केलंय, एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला कायमचं बांधलंय. आता दूर जाता येत नाही आणि मिसळताही येत नाही."

"मंग काय करतेत?"

"या काचेसारख्या चकतीवर त्यांचा पातळ थर द्यायचा आणि ऊब द्यायची. दोन दिवस, तीन दिवस. हळूहळू ते आपली आपण जागा धरतात. एकाची रेघ, दुसऱ्याची रेघ, पुन्हा याची, पुन्हा त्याची. बोटाच्या ठशासारखी. केसाच्या जाडीत दोन हजार रेघा बसतील इतकी बारीक."

वारलूनं तेलाचा डबा खाली ठेवला. "आनि रेघा पाडते कोन?"

"कोणी नाही. आपोआप."

"आपोआप काईच होत नाई जी," वारलू म्हणाला आणि चिंधीला हात पुसले.

हे वाक्य तेव्हा अल्ताफनं हसण्यावारी नेलं. पण दोन वर्षं त्याचे थर रेघा धरण्याआधीच चकतीवर फुटत होते. पाण्याचे थेंब तेलकट ताटावर गोळा व्हावेत तसे ठिपके ठिपके होऊन बसत. मग चकत्या धुण्याचं काम त्यानं कंटाळून वारलूकडे दिलं. वारलू त्या आम्लात उकळायचा, पाण्यानं विसळायचा, उजेडात तिरप्या धरून बघायचा, आणि मनास आलं नाही तर पुन्हा उकळायचा. त्याला घाई नव्हती. त्याची शिष्यवृत्ती संपत नव्हती. नोव्हेंबरात पहिल्यांदा एका चकतीवर थर न फुटता टिकला. सबंध चकतीवर एकसारखी फिकट तपकिरी झाक आली. फार देखणी गोष्ट नव्हती ती. पांढऱ्या बशीला चहाचा डाग राहावा तशी दिसायची. अल्ताफला मात्र त्या डागाकडे बघून रात्रंदिवस भूक लागत नसे. रेघा डोळ्यांना दिसण्यातल्या नव्हत्याच. त्या पाहणारं यंत्र दुसऱ्या शहरात होतं आणि तिथली तारीख तीन महिने आधी मागून ठेवली होती. ती आठ दिवसांवर आली होती. परदेशातल्या एका भल्या प्राध्यापकानं नमुना म्हणून पाठवलेली पावडर त्या चकतीबरोबर संपली होती. बाटली पालथी करून, तळ खरवडून, शेवटची चिमूट त्यात गेली होती. म्हणजे चकती एकच.

अर्ज हेमराजकडे सरकवून अल्ताफ बाहेर आला तर व्हरांड्यात मुलगी उभी होती. फिकट निळा पंजाबी ड्रेस, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. बापाचं कपाळ घेऊन आली होती.

"सर, माया अर्ज झाला का जी?"

"झाला. तू पुनम ना?"

"हो जी. बाबानं सांगतलं व्हतं, तिथी अल्ताफसर असन त त्याइले नमस्कार सांगजो म्हनून." तिनं अंगावरची उधारी उतरवावी तसे हात जोडले. "तुमीच न?"

अल्ताफ म्हणाला, "मीच." हे उत्तर देताना त्याला क्षणभर दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगावंसं वाटलं; तेवढी त्याला सवय होती. "ते कंसात काय लिहिलंयस?"

"बाबाच म्हनले, लिव. सायन्सवाल्याइले समजलं पायजे, घरात पयलंपासून सायन्स हाय म्हनून."

त्या दिवशी घरी परतताना जटपुरा गेटाशी त्याची स्कूटर दोनदा बंद पडली. बिचारीचा दोष नव्हता. क्लच त्यानंच दाबला नव्हता. घरी अब्बा ओट्यावर बसले होते. नूर मोहम्मद कल्हईवाले. चंद्रपुरात तांब्यापितळेची भांडी होती तोवर त्यांची भट्टी होती. स्टील आलं आणि भट्टी विझली. तरी हात विझला नव्हता. कुठलाही मंद पृष्ठभाग त्यांना बघवत नसे. दाराची कडी, शेजाऱ्याच्या सायकलची घंटी, डॉक्टरच्या टेबलावरची पितळी नावपाटी, जे हाताशी येईल ते बोलता बोलता ते चमकवत. कल्हईच्या कापसाचा एक काळा बोळा, नवसागराच्या वासाचा, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे, जसा दुसऱ्यांच्या खिशात रुमाल. आणि आज ओट्यावर नवा भाडेकरू बसला होता, म्हणजे किस्सा चालू होता. "नागपूर में, इतनी बडी लॅब. मशिनाच मशिना. वहाँ इसका एक आईना पडा था, बिलकुल मैला. इतने पढेलिखे लोग, किसी का ध्यान नई. मैंने बोला, ला. दो मिनट में चमका दिया. इसको पूछो." भाडेकरूनं अल्ताफकडे पाहिलं. अल्ताफ म्हणाला, "हां. चमका दिया था." आतून निशात, त्याची बायको, म्हणाली, "अब्बा का किस्सा हो गया हो तो चाय लाऊं?" गेली आठ वर्षं घरात चहाची वेळ अशीच ठरत असे.

कल्हईवाल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून ते झालं नसतं. बाकी कोणीही माणूस अनोळखी टेबलावरच्या अनोळखी वस्तूला हात लावायला कचरतो. अब्बा डोळे दाखवायला नागपूरला आले होते, आणि कापडी पिशवीत उकडलेले शिंगाडे घेऊन न सांगता थेट प्रयोगशाळेत पोचले. दुपारची वेळ, बाकीचे जेवायला गेलेले. अल्ताफनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि चहा आणायला स्वतः गेला. वारलू गॅसच्या सिलिंडरांकडे गेला होता; तो परत येऊन 'चहा मी आनतो' म्हणण्याच्या आत अल्ताफला चहा आणायचा होता, अब्बांना पाजायचा होता आणि त्यांना जिन्यावरून खाली न्यायचं होतं. कारण प्रयोगशाळेत त्यानं 'वडिलांचा भांड्यांचा व्यवसाय आहे' असं सांगून ठेवलं होतं, आणि अब्बांच्या दहा बोटांवरचा काळा रंग व्यापाऱ्याच्या बोटांवर नसतो. हे त्यानं नंतर स्वतःपाशी कबूल केलं. त्या वेळी त्यानं फक्त चहा आणला. परत आला तर अब्बा उजेडाकडे तोंड करून चकती डोळ्यांजवळ धरून उभे होते. लख्ख. आरशासारखी. चकतीत अब्बांची दाढी दिसत होती. "बेटा, तेरा आईना मैला था," ते म्हणाले. त्यांच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांत इतका आनंद होता की अल्ताफनं चहाचा कप सरळ त्यांच्यापुढे धरला. तो म्हणाला, "अच्छा किया, अब्बा." चाळीस नॅनोमीटर जाडीचा थर होता तो, चाळीस वर्षं कढया घासलेल्या अंगठ्यासमोर. बोळा कचऱ्याच्या टोपलीत पडला होता. अब्बांना बसस्टँडवर सोडून आल्यावर अल्ताफनं तो काढला, खिशात घातला आणि हॉस्टेलच्या मागच्या नाल्यात टाकला. खिशाला नवसागराचा वास महिनाभर येत राहिला.

संध्याकाळी गाईडसरांनी चकती पाहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. "याला हात कोणी लावला?" ते म्हणाले. दारात वारलू उभा होता, किल्ल्या घेऊन. अल्ताफ म्हणाला, "सकाळी टेबल वारलू पुसतो, सर."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. त्यानं ते नंतर कितीदा तरी तपासलं. परीक्षेच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळतील इतकं ते बरोबर होतं. टेबल सकाळीच पुसलं जायचं आणि वारलूच पुसायचा. चकती मात्र दुपारी बारापर्यंत ओव्हनमध्ये होती. ही दुसरी ओळ कोणी विचारली नाही आणि अल्ताफनं सांगितली नाही. गाईडसर वारलूकडे वळले. "तू पुसतोस?" वारलूनं एकदा अल्ताफकडे पाहिलं. त्या प्रयोगशाळेत चकतीची कुठली बाजू वर ठेवायची ते झोपेतही सांगू शकेल असा एकच माणूस होता आणि तो म्हणाला, "हो सर. टेबल मीच पुसतो." तेही खरंच होतं. दोन खऱ्या वाक्यांनी काम झालं. वारलूला कायम करण्याची फाईल त्या महिन्यात वर जायची होती, ती गेली नाही. पंधरा दिवसांनी सोमवारी त्याला सांगितलं गेलं की उद्यापासून येऊ नको, आणि तो मंगळवारी आला नाही. सोमवारी संध्याकाळी किल्ल्या ठेवून जाताना तो अल्ताफच्या टेबलाशी थांबला. आता बोलेल, असं अल्ताफला वाटलं. वारलू म्हणाला, "सर, पंपाचं तेल बदलाले झालं हाय." अल्ताफ म्हणाला, "बरं." यापलीकडे त्या दोघांत निरोपाचं काही झालं नाही.

सर जरा शांत झाले की सांगू, असं अल्ताफनं ठरवलं होतं. सर शांत झाले तेव्हा शिष्यवृत्ती संपली होती. पुढे चंद्रपूरची नोकरी, मग लग्न, मग मुलीचा, महेकचा जन्म, मग मंथली टेस्ट. माणूस एखादी गोष्ट सांगायची राहिली असं म्हणतो तेव्हा ती जागच्या जागी राहिलेली नसते. ती त्याच्याबरोबर बदली घेऊन येते, घराला रंग देताना बाजूला सरकवली जाते आणि पुन्हा भिंतीला लावली जाते. पीएच.डी. झाली नाही याचं त्याला दुःख होतं, पण ते सांगण्यासारखं दुःख होतं. स्टाफरूममध्ये तो ते सांगायचा आणि लोक 'सिस्टीमच तशी' म्हणायचे. त्या रेघांचं वेगळं होतं. त्या त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या. होत्या की नव्हत्या हेसुद्धा आता कळायला मार्ग नव्हता. नुसता एकसारखा पसरलेला, रेघा न धरलेला थरही तसाच तपकिरी दिसला असता. एखाद्या दुपारी वर्गात पृष्ठताण शिकवताना त्याला खात्री वाटे की होत्या. आणि पहाटे जाग आली की तितकीच खात्री वाटे की नव्हत्या, आपण फुकटच त्या माणसाच्या पोटावर पाय दिला.

पुनम पहिल्या बाकावर बसू लागली. अल्ताफ फळ्याकडे तोंड करून जास्त बोलू लागला. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. एकदा तिनं प्रॅक्टिकलला काचेची बशी धुऊन उजेडात तिरपी धरली आणि पुन्हा धुतली, तेव्हा तो औषधाच्या खोलीत जाऊन उगाच बाटल्यांवरची लेबलं वाचत उभा राहिला. दिवाळीच्या सुटीत घरी निघाली तेव्हा म्हणाली, "सर, बाबा म्हनत होते, कवा तरी गावाले या. धान निंगाल्यावर या." नाही म्हणायला त्याच्याजवळ चांगली कारणं होती. ती त्यानं मोजली आणि सुटीच्या तिसऱ्या दिवशी मूलमार्गे गडचिरोलीची बस पकडली. निशातला म्हणाला, कॉलेजचं काम आहे. अब्बांनी विचारलं, "कहाँ?" तो म्हणाला, "एक जान-पहचानवाले हैं." बस वैनगंगेच्या पुलावरून जात होती तेव्हा तो वाक्य तयार करत होता. वारलूभाऊ, ती चकती माझ्या वडिलांनी पुसली. एवढंच. सहा शब्द. पण प्रत्येक वेळी 'माझ्या वडिलांनी'पाशी ओट्यावरचे अब्बा मान वर करत, आणि त्यांच्या आयुष्यातला एकुलता एक किस्सा त्याच्या हातात चकतीसारखा यायचा. गडचिरोलीला बस बदलली. धानोऱ्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल लागलं, मोहाची, ऐनाची झाडं, मध्येच कापलेल्या धानाचे बांध, आणि वाक्य तिथेच अडून राहिलं.

वारलूचं घर गावाच्या टोकाला होतं आणि घरामागे खळं. वारलूचे केस पिकले होते, बाकी तोच. "या जी सर," तो काल भेटल्यासारखं म्हणाला. त्याची बायको गुणाबाई खळं सारवत होती. शेणाचा ओला थर आणि त्यावर तिची चार बोटं: कमानीमागे कमान, एकीला खेटून दुसरी, वळणावर वळून आलेली, कुठे एक रेघ फुटून दोन झालेली, कुठे दोघींत अडकून एक थांबलेली. अल्ताफ कडेला उभा राहिला. परदेशी मासिकातल्या फोटोत पुढे त्यानं पाहिल्या त्या अशाच होत्या. त्याला खाली बसावंसं वाटलं.

"ओलं हाय भाऊ, पाय नोका ठेवू," गुणाबाई मान वर न करता म्हणाली.

ते दोघं बांधावर बसले. पुनमनं कपबशीत कोरा चहा आणला आणि आत गेली. वारलूनं कॉलेजचं विचारलं, पोरगी अभ्यास करते का ते विचारलं, तो जुना पंप अजून चालतो का तेही विचारलं, जसं कोणी एखाद्या नातेवाइकाबद्दल विचारावं. अल्ताफनं कप खाली ठेवला.

"वारलूभाऊ, ती चकती माझ्या वडिलांनी पुसली होती."

"मालूम हाय जी," वारलू म्हणाला.

त्यानं आपली कपबशी बांधावर बाजूला सरकवली.

"मी सिलिंडर ठेवून आलो त दाराच्या काचेतून पाह्यलो. म्हातारे बाबा एवढ्या मन लावून पुसून राह्यले होते, काय सांगू."

"तुम्ही सरांना बोलला का नाहीत तेव्हा?"

"काय बोलू? तुमच्या बापाचं नाव सांगू? मंग तुमी तिथी तोंड कसं दाखवलं असतं?" वारलूनं गवताची काडी तोडली. "आनि माया बी गुन्हा होताच न. कापूस मीच देल्लो त्याइले. कपाटातला. बाबानं मांगतला, मी देल्लो. मले का मालूम, काहाले पायजे त."

अल्ताफनं त्याच्याकडे पाहिलं. वारलू खळ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, सकाळी पुसलेल्या टेबलासारखा तो स्वच्छ होता. काचेतून पाहिलं म्हणणाऱ्यानं कापूस दिला कधी? कपाटातला कापूस पांढरा होता. नाल्यात टाकलेला बोळा काळा होता आणि खिशाला महिनाभर वास येत होता. हा माणूस आठ वर्षांनंतर, आपल्याच बांधावर बसून, पुन्हा एकदा आपलं नाव पुढे करत होता, जसं तेव्हा केलं होतं. या वेळी तर कोणी विचारलंही नव्हतं. अल्ताफच्या तोंडात 'कापूस तुमचा नव्हता' हे शब्द आले. ते खरे होते. खऱ्या शब्दांनी आपण या माणसाशी काय केलं होतं ते त्याला आठवलं आणि त्यानं ते गिळले.

"बाबा हायेत का जी?" वारलूनं विचारलं.

"आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सगळ्यांना सांगतात, लॅबमधला आरसा मी चमकवला म्हणून."

वारलू हसला. मनापासून, खांदे हलवून हसला. "सांगू द्या. चमकला त होताच." मग हसू थांबलं आणि त्यानं हातातली काडी टाकून दिली. "सर, एक विचारू का? लय दिवसाचं मनात होतं. त्याच्यावर रेघा पडल्या होत्या का?"

कोणीच हे कधी विचारलं नव्हतं. गाईडसरांनी नाही, स्टाफरूमनं नाही, निशातनं नाही. चकत्या उजेडात तिरप्या धरून ज्यानं पुन्हापुन्हा उकळल्या त्यानं विचारलं. उत्तर अल्ताफला माहीत होतं: माहीत नाही. पहाटे जाग आल्यावरचं ते उत्तर, साधं, बरोबर, पैकीच्या पैकी गुणांचं.

"पडल्या होत्या," अल्ताफ म्हणाला. "सबंध चकतीवर. एकही तुटली नव्हती."

वारलूनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "मंग ठीक हाय," तो म्हणाला. "मले वाटे, कोऱ्या चकतीपाईच कामावून गेलो का काय."

साडेतीनच्या बसचा हॉर्न दुरून ऐकू आला. अल्ताफ उठला आणि निघण्याच्या गडबडीत बांधावरून उतरताना त्याच्या बुटाची टाच खळ्याच्या ओल्या कडेवर पडली. पाच-सहा रेघा मोडल्या. तो तसाच उभा राहिला, एक पाय वर धरून. गुणाबाई बसल्या बसल्या सरकत आली, घमेल्यातलं थोडं ओलं शेण त्या खळग्यात लिंपलं आणि त्यावरून चार बोटं फिरवली. टाच कुठे होती ते आता सांगता आलं नसतं. अल्ताफनं तरी ती जागा लक्षात ठेवली, बूट हातात घेतले आणि बांधाबांधानं, लांबच्या वाटेनं, रस्त्याकडे गेला.